टायबेरियसच्या टाळूला कडी

रोह्यापासून पेणपर्यंत रोमन नाण्यांतलं माझ्याइतकं कळणारा दुसरा माणूस मला दाखवा! नाही दाखवता येणार. ही बढाई नव्हे, दुसरं कुणी त्या वाटेला गेलेलंच नाही. आमच्याकडची माणसं कुवेतहून परत येताना अत्तर, ब्लँकेटं आणि ब्लड प्रेशर घेऊन येतात. मी ब्लड प्रेशर आणलं आणि नाण्यांचं वेड आणलं. वेड मी वाढवलं, ब्लड प्रेशर घरच्यांनी.

माझं नाव शरीफ. "नाव ठेवताना सासूबाईंनी घाई केली," असं माझी बायको हलीमा म्हणते. कारण मला राग येतो. पण उगाच येत नाही! जगानं नीट वागायचं ठरवलं तर मी उद्यापासून शांत बसायला तयार आहे.

तर माझ्याकडे चांदीचं एक नाणं होतं. "होतं" हा शब्द लिहितानासुद्धा कानशिलं तापतात! रोमचा डिनारियस, जवळजवळ दोन हजार वर्षांचा. मुंबईला नाण्यांच्या प्रदर्शनात रीतसर पावती घेऊन घेतलेला. किंमत मी हलीमाला आजवर सांगितलेली नाही, तेव्हा तुम्हीही विचारू नका. पुढच्या बाजूला बादशहा टायबेरियस. डोक्यावर पानांचा मुकुट, नाक बाकदार, आणि चेहरा असा, की नुकतंच कुणीतरी त्याच्या दारासमोर गाडी लावून निघून गेलंय. मागच्या बाजूला खुर्चीवर बसलेली एक बाई. एका हातात उंच राजदंड, दुसऱ्या हातात डहाळी. ती बादशहाची आई लिविया असावी, असं बरेच जाणकार मानतात. त्या काळी रोमची गलबतं मिरी न्यायला आपल्या किनाऱ्याला यायची आणि असली नाणी मागं ठेवून जायची.

पण हे सांगायचं कुणाला? "डिनारियस" म्हटलं की आमच्या लोकांना फक्त "दिनार" ऐकू येतं. मी घसा कोरडा करून सांगतो, की बाबांनो, हा तुमच्या दिनाराचा खापरपणजोबा! आणि समोरचा विचारतो, "चाचा, आज रेट काय चाललाय?"

अशा माणसांत दिवस काढत असताना पेणच्या एका वाचनालयातून फोन आला. तिथल्या कार्यवाह मृणालीताई म्हणाल्या, "रोमन नाणी आणि त्यांच्यावरची चित्रं या विषयावर रविवारी चार वाजता बोलाल का? नाणं प्रत्यक्ष बघायला मिळेल ना?"

"बघायला काय, हातात घ्यायला मिळेल!" मी म्हटलं.

मी कामाला लागलो. नाण्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो मोठे करून फ्लेक्स छापून घेतला. बादशहा बैलगाडीच्या चाकाएवढा आणि त्याची आई दुसऱ्या चाकाएवढी! आठवडाभर आरशासमोर भाषण केलं. नाण्याची निळी डबी मात्र कपाटातच होती. खजिना आहे म्हणून काय रोज उघडून बघायचा?

रविवारी सकाळी उघडून बघितला. आत कापूस होता. फक्त कापूस!

"हलीमाऽऽ!"

पलीकडच्या आळीतली कुत्री भुंकायला लागली. हलीमा मात्र तव्यावरचा घावण उलटून, तो नीट भाजून, मगच उलथनं हातात घेऊन आली.

"डबीतलं नाणं कुठाय?"

"कुठलं? ते काळं?"

"काळं नाय, जुनं! जुनं हाय ते!"

"तेच. ते अकिक्याला दिलं."

मी पलंगावर बसलो. बसलो म्हणजे पडलोच. आदल्या रविवारी आमच्या नातीचा, रमीजच्या मुलीचा, अकिका झाला होता. बाळाचं जावळ काढायचं, ते तोलायचं आणि तेवढ्या वजनाची चांदी खैरात करायची, ही आमच्यातली रीत.

"माझ्या टायबेरियसनं जावळ तोललंत?"

"जावळापेक्षा तोच जड भरला," हलीमा म्हणाली. "म्हटलं असू दे. जास्त दिलं तर जास्त सवाब, जास्त पुण्य."

दाराआडून सून बोलली. नफिसा तशी गरीब आहे, पण गरिबी तोंडात नाही. "अब्बा, तुम्हीच म्हणता ना, ह्यातली चांदी एकदम चोख हाय म्हणून?"

म्हणतो! उठता बसता म्हणतो! पण म्हणून काय कुणी तराजूत टाकतं?

"मला एका शब्दानं विचारायचं नाय?"

"विचारलं की!" हलीमा उलथनं नाचवत म्हणाली. "तुम्ही फोनवर वायफायवाल्याला झापत होतात. मी दारात येऊन विचारलं, डबीतली चांदी घेऊ काय? तुम्ही हात उडवलात. म्हणालात, घे घे, काय पायजे ते घे, पण जा इथनं!"

मला आठवलं. वायफायवाल्याचा आणखी राग आला.

"नि दिलं कुणाला?"

"गोदूबायला."

गोदूबाई गडबची. बाळ-बाळंतिणीला मालीश करण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. रमीज जन्मला तेव्हा त्याला तिनंच चोळून चोळून उभा केला, आणि आता त्याच्या मुलीसाठीही ती आमच्याकडे येऊन राहिली होती. अकिका उरकून सोमवारी ती घरी गेली. टायबेरियसला घेऊन!

"आत्ताच्या आत्ता जातो नि आणतो!"

हलीमानं उलथनं माझ्या छातीवर रोखलं. "खबरदार! पोरीच्या नावची खैरात हाय ती. दिलेलं परत घेतात काय? परत मागितलंत तर ह्या घरात मी नाय नि घावणेपन नाय!"

"परत नाय मागत! संध्याकाळपुरतं उसनं मागतो!"

"मग गोड बोलून मागा."

"मी गोडच बोलतो!" मी ओरडलो.

शेजारच्या केरूची इको गाडी आहे. लग्नाच्या वरातीपासून दवाखान्यापर्यंत सगळी भाडी मारतो. फ्लेक्सची गुंडाळी मागं टाकली आणि निघालो. माझा चेहरा बघून केरूनं विचारलं, "काय झालं चाचा?"

"काय होणार? माझा डिनारियस गेला!"

"गेला? कुठं गेला?"

"गोदूबायकडं गेला! तू गाडी चालव!"

यापेक्षा एक अक्षर जास्त मी बोललो नाही, हे तुम्ही लक्षात ठेवा. पुढे नागोठण्याला केरू डिझेल की गॅस काहीतरी भरायला थांबला. मी टपरीवर चहा घेतला. चहात आलं नव्हतं, दूध नव्हतं, चहापण नव्हता! मी टपरीवाल्याला त्याच्या चहाबद्दल चार गोष्टी सांगत होतो, तेवढ्या वेळात केरू फोनवर कुणाशी तरी बोलत होता. मी लक्ष दिलं नाही. तिथंच घात झाला.

गडबला गोदूबाईच्या दारासमोर गाडी थांबली आणि बघतो तर काय, गर्दी! मला वाटलं कुणी गेलं की काय. उतरलो तशी माणसं माझ्याभोवतीच गोळा झाली.

"चाचा, किती दिनार गेले?"

"पिशवीत होते की बॅगेत?"

"पोलिसांना कळवलंत काय?"

एक महाभाग तर कानाशी येऊन कुजबुजला, "चाचा, मेवणा कुवेतला चाललाय. उरले असतील तर त्याला बदलून द्याल काय?"

मी काही बोलणार, तोच घरातून गोदूबाईची सून बाहेर आली. शकू. हातात केरसुणी, आणि ती झाडायला घेतलेली नव्हती!

"माझी सासू चोर काय?"

"कोण म्हणतं चोर?"

"अख्खं गडब म्हणतं! केरूनं इथल्या काळुरामला फोन केला, काळुरामनं दुकानात सांगितलं. तुमच्या रमीजला मांडीवर घेऊन चोळला तिनं, नि तुम्ही तिच्यावर दिनारांचा आळ घेता?"

"दिनार नाय गो! डिनारियस!"

"वर अख्खं नाव घेऊन आळ घेता!"

"अगो, आळ नाय! एक नाणं हाय, जुनं, आमच्याच घरातनं दिलेलं! ती हाय कुठं?"

"गेली मिनिडोरनं रोह्याला. तुमच्या दारात जाऊन तुमच्या तोंडावर फेकते म्हणाली. समीक्षाच्या गळ्यातनं काढून घेतलंन. पोरगी रडून रडून आत्ता झोपलीय. नि आता तुम्ही ओरडून तिला उठवा!"

समीक्षा म्हणजे शकूची मुलगी, गोदूबाईची नात. तिच्या गळ्यातलं काढलं, या शब्दाला मी तिथंच ठेच खायला हवी होती. पण माझ्या डोळ्यांपुढे फक्त ती सहा आसनी मिनिडोर रिक्षा होती. मी तिच्याकडे आलो आणि ती माझ्याकडे गेली! वाटेत आमच्या गाड्यांनी एकमेकींना हॉर्नसुद्धा दिला असेल.

केरूला मी गाडीच्या आडोशाला नेलं. "काय सांगितलंस रे तू लोकांना?"

"तुम्ही बोललात तेच. दिनार गेले, गोदूबायकडं गेले."

"मी 'गेला' म्हटलं, 'गेले' नाय! एकच हाय!"

केरू माझ्याकडे बघतच राहिला. "एकच दिनार? मग एवढी बोंबाबोंब कशाला चाचा?"

त्याला तिथंच चोपला असता. पण पेणला गाडी कोण नेणार?

तासाभरानं हलीमाला फोन लावला. "गोदूबाय आली काय?"

"आलीय. समोर बसलीय."

"रडतीय?"

"रडत नाय. चिडलीय."

"तिला चहा दे, नि नाणं..."

"चहाला हात लावत नाय. म्हणते, चोर म्हटलं ते चार माणसांत म्हटलं, आता जे काय बोलायचं ते चार माणसांतच. तुमचं भाषण पेणला कुठं हाय ते सांगा."

"वाचनालयात. हलीमा, तू माझ्या बाजूनं हायस ना?"

फोन बंद झाला.

पेणच्या वाचनालयाचा हॉल गच्च भरला होता! मृणालीताई दारातच हात जोडून उभ्या. "शरीफभाई, इतिहासाच्या विषयाला एवढी गर्दी पहिल्यांदाच!" मला क्षणभर बरं वाटलं. मग बघतो तर पहिल्या दोन रांगांत गडबची निम्मी मंडळी बसलेली. केरू त्यांच्या मधोमध, शेंगदाणे खात!

फ्लेक्स टांगला. मी सुरुवात केली. "मित्रहो, रोमन नाणं म्हणजे त्या काळचं वर्तमानपत्र. गादीवर कोण बसलंय, हे लोकांना नाण्यावरच्या चेहऱ्यावरून कळायचं..."

तिसऱ्या रांगेतून एक हात वर. "हेच का ते चोरीला गेलेलं?"

"काही चोरीला गेलेलं नाही! प्रश्न शेवटी! तर, या बादशहाच्या डोक्यावर जो पानांचा मुकुट..."

"चोर सापडला काय?"

"चोर नाहीये!" मी टेबलावर मूठ आपटली. पाण्याचा ग्लास उडाला आणि थेट माझ्या कागदांवर पडला. बादशहाचं अख्खं घराणं वाहून गेलं!

आणि त्याच वेळी मागचं दार उघडलं. पुढे गोदूबाई, मागे ओढणी सावरत हलीमा. गोदूबाई एवढीशी बाई, माझ्या खांद्यालाही लागत नाही. पण खुर्च्यांच्या मधून ती अशी चालत आली, की लोकांनी आपोआप पाय आत घेतले. ती थेट स्टेजवर चढली.

"शरीफभाय, आता बोला. चार माणसं हायत. मी चोर काय?"

मला सकाळपासून सगळ्यांचा राग आला होता. हलीमाचा, नफिसाचा, केरूचा, टपरीवाल्याचा, त्या वायफायवाल्याचा. पण या बाईचा राग मला कुठं शोधूनही सापडेना. माझी आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा न बोलावता येऊन तिची पाठ चोळून जायची ही. मी तोंड उघडलं...

आणि तिनं पदराच्या गाठीतून नाणं काढून माझ्या नाकासमोर धरलं. काळ्या दोऱ्यात लटकलेलं. वर कडी!

"ही काय?" मी किंचाळलो. "ही कडी कुठनं आली?"

"रामवाडीच्या सोनाराकडनं लावून घेतली. चांगला डाग देऊन बसवलीय. तुटायची नाय."

"टायबेरियसच्या टाळूला कडी! अगो, बैलाला वेसण घालतानापन माणूस विचार करतो! दोन हजार वर्षं ह्याच्या केसाला धक्का लागला नव्हता!"

"ओरडू नका!" गोदूबाई माझ्याहून मोठ्यांदा ओरडली. "माझ्या नातीला सारखी दृष्ट लागते. म्हटलं ह्याचं थोबाड बघून दृष्ट पळंल. नि पळाली! बांधलं त्या दिवसापासनं पोरगी पोटभर जेवतीय. ते मी तिच्या गळ्यातनं उतरवून आणलं, तुमच्यासाठी! घ्या!"

मी घेतलं नाही. कसं घेणार? खाली पहिल्या रांगेजवळ हलीमा उभी होती आणि तिच्या हातात उलथनं नसूनही मला ते दिसत होतं.

गोदूबाईची नजर तेवढ्यात फ्लेक्सवर गेली. चाकाएवढा बादशहा तिनं पहिल्यांदाच बघितला. ती जवळ गेली, मग मागं सरली, मग माझ्याकडे वळली.

"अगो बाय! हे तर तुम्हीच!"

सगळ्या हॉलनं आधी फ्लेक्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझं नाक जरा बाकदार आहे. पण म्हणून काय हसायचं?

"तेच नाक, तेच फुगलेलं थोबाड," गोदूबाई बोट दाखवत सुटली. "नि ही मागं बसलीय ती हलीमाभाभी. गप बसून सगळं बघतीय."

"ती बायको नाय!" मी भडकलो. विषयाची अशी नासाडी मला सहन होत नाही. "आई हाय ती त्याची! आई!"

"आई?" गोदूबाईनं त्या खुर्चीवरच्या बाईला पुन्हा नीट निरखलं. "आसं! मग ह्याला कोण बोलणार? पाठीशी आई बसलीय म्हणून एवढं नाक वर!"

हॉलमध्ये एकच हशा फुटला! एक म्हातारे गृहस्थ मांडीवर थापा मारता मारता खुर्चीसकट मागं झुकले, त्यांना दोघांनी धरलं. हलीमा ओढणी तोंडाशी धरून हसत होती. माझी बायको! मृणालीताई डोळे पुसत पुढे आल्या आणि म्हणाल्या, "गोदूबाई, नाणं सगळ्यांना दाखवाल का?"

मग काय, रांग लागली. गोदूबाई माझ्या खुर्चीवर बसली. दोरा घट्ट मुठीत धरून प्रत्येकाला नाणं दाखवायला लागली. "हा लेक, ही त्याची आय. हात लावू नको गो, लांबनं बघ. हा, पुढं हो आता." मी बाजूला उभा राहून मिरीच्या व्यापाराबद्दल, लॅटिन अक्षरांबद्दल, सोन्याच्या रोमन नाण्यांनाही आपल्याकडे कड्या लावून बायका गळ्यात घालायच्या त्याबद्दल, काय काय सांगत होतो. एक बाई म्हणाल्या, "काका, जरा सरकता का? उजेड अडतोय."

शेवटी सत्कार. वक्त्यासाठी आणलेली शाल आणि नारळ टाळ्यांच्या गजरात गोदूबाईला दिला. वाचनालयाच्या ग्रुपवर फोटोही आला. त्यात शालीतली गोदूबाई आहे, नाणं आहे, मृणालीताई आहेत आणि डाव्या कडेला माझं कोपर आहे. नाणं कुणाचं हा प्रश्नच कुणी काढला नाही. ते तिचंच होतं, तिनं ते गळ्यात घातलं आणि पायऱ्या उतरली. शेवटच्या पायरीवर थांबली.

"शरीफभाय, माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं."

राहिलंच होतं.

परतताना तिला गडबला सोडायचं होतं. हलीमा मुद्दाम केरूच्या शेजारी पुढे बसली आणि मला मागं गोदूबाईशेजारी ढकललं. थोडं पुढे गेलो आणि हायवे तुंबला. ट्रेलर, एसट्या, डंपर, सगळे हॉर्नवर हात ठेवून उभे. त्यात एका टेम्पोनं आम्हाला असा कट मारला की केरूचा आरसा थोडक्यात वाचला. एरवी मी खाली उतरलो असतो. पण मी शब्द जुळवत होतो. हलीमा पुढून वळून माझ्याकडे बघत होती.

"चुकलं," मी म्हटलं. हळूच.

"काय?" गोदूबाई म्हणाली. हॉर्न वाजत होते.

"चुकलं म्हटलं."

"रस्ता चुकला?"

"रस्ता नाय! माझं चुकलं!"

"मोठ्यानं बोला, ऐकू येत नाय!"

आता मात्र माझा संयम संपला. मी काच खाली केलेल्या खिडकीला पाठ लावून, होता नव्हता तेवढा जीव एकवटून ओरडलो, "चुकलं माझं! सरळ विचारायचं सोडून गावभर आरडाओरड केली मी! तू चोर नायस! मूर्ख मीच! माफ कर मला!"

नेमके त्याच क्षणी सगळे हॉर्न थांबले. माझी माफी ट्रेलरांवर आपटत पार पुढपर्यंत गेली. गोदूबाईनं शाल सारखी केली. "हां," ती म्हणाली. "आता आलं ऐकू."

शेजारच्या टेम्पोच्या खिडकीतून ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. तोच, कट मारणारा. त्याचा चेहरा पार उतरला होता. त्यानं मला दोन्ही हात जोडले.

"लाजवू नका काका! कट मी मारला. तुम्ही कशाला माफी मागताय?"

आणि त्यानं टेम्पो मागं घेऊन आम्हाला वाट करून दिली! इतकी वर्षं मी या रस्त्यावर शिव्या घालतोय. वाट अशी मिळते, हे कुणी सांगायचं नाही?